मुलांना व्हॉल्ट शिकवायचा तर उतरण्यापासून सुरुवात करा

व्हॉल्ट हा जिम्नॅस्टिक्समधला, पाहायला चार-पाच सेकंदांचा खेळ. धाव, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय, टेबलावर हात, हवेतून पलीकडे आणि पायांवर उतरून स्थिर. डोळ्यांना ज्या क्रमाने दिसतो त्याच क्रमाने तो शिकवावा असं वाटणं साहजिक आहे, आणि गडबड तिथेच होते. पहिल्या आठवड्यात धाव झाली, दुसऱ्यात बोर्डवरची उडी झाली की मूल हवेत जाऊ लागतं, पण खाली कसं यायचं हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नसतं. घोटा मुरगळणं, गुडघा वळणं, मनगट मोडणं हे बहुतेक वेळा खाली येतानाच घडतं. म्हणून क्रम उलटा धरा. आधी उतरणं आणि पडणं, मग हातांवर भार, मग बोर्ड, आणि धाव सगळ्यांत शेवटी.

त्याला जोडून एक नियम पक्का करा: उंची, वेग आणि नवी उडी, या तिन्हींपैकी एका दिवशी एकच वाढवायचं. टेबल उंच केलं असेल तर धाव तेवढीच ठेवायची. धाव वाढवली असेल तर उडी जुनीच.

पुढचं सगळं ६ ते १२ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. त्यात शाळेचे पीटी शिक्षक आले, क्लबचे प्रशिक्षक आले आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिर घेणारेही आले.

जागा आणि साहित्य

नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखं मोठं ठिकाण असो की महाल-इतवारीतल्या एखाद्या शाळेचं सभागृह, पहिलं काम मोजपट्टीचं. स्पर्धेत धावपट्टी जास्तीत जास्त २५ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असते, टेबल मुलींसाठी १२५ आणि मुलांसाठी १३५ सेंटिमीटर उंच. हे आकडे मोठ्यांच्या स्पर्धेचे आहेत. शिकाऊ मुलाला १० ते १२ मीटर धावपट्टी पुरते आणि पहिले काही महिने टेबल लागतही नाही. उतरायच्या बाजूला मात्र हात आखडता घेऊ नका. मॅट संपल्यावर पुढे किमान २ मीटर आणि दोन्ही बाजूंना किमान दीड मीटर मोकळी जागा हवी. खांब, खिडकीचं उघडं दार, रचून ठेवलेल्या खुर्च्या, काहीच नको.

उंची रोज मोजा, कालची उंची गृहीत धरू नका. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक सर्वांगीण स्पर्धेत व्हॉल्टचा घोडा (तेव्हा टेबलाऐवजी तो असायचा) १२५ ऐवजी १२० सेंटिमीटरवर लावला गेला होता. जगातल्या उत्तमोत्तम जिम्नॅस्ट त्यावर पडल्या. ऑस्ट्रेलियाच्या ॲलाना स्लेटरच्या ते लक्षात आलं, तोवर अर्ध्या मुलींच्या उड्या होऊन गेल्या होत्या. फरक फक्त ५ सेंटिमीटरचा. वर्षानुवर्षं सराव केलेल्या शरीराला एवढा फरक चालला नाही, तर सात वर्षांच्या मुलाचं काय होईल?

२००१ पासून लांबट घोड्याच्या जागी रुंद टेबल आलं. काही जुन्या शाळांमध्ये चामड्याचा घोडा अजून असतो. त्यावर हँडस्प्रिंग, म्हणजे हातांवर उलटं होऊन उसळी घेत पलीकडे पायांवर उतरणं, शिकवू नका. हात ठेवायला जागा अरुंद, एक हात सुटला की डोकं थेट खाली. त्याचा उपयोग फार तर कमी उंचीवर उकिडवं चढण्यासाठी करा.

स्प्रिंगबोर्डबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे त्याच्या स्प्रिंगा काढता येतात. पूर्ण स्प्रिंगा मोठ्या खेळाडूच्या वजनासाठी असतात. २०-२५ किलोच्या मुलाने त्यावर कितीही जोरात पाय मारले तरी बोर्ड दबत नाही, उडी मिळत नाही आणि सगळा धक्का घोट्यात आणि नडगीत जातो. मग मूल आणखी जोरात आपटतं, आपण ‘जोर लाव’ म्हणून ओरडतो. अशा वेळी एक-दोन स्प्रिंगा काढा. काढताना डाव्या-उजव्या बाजूचा समतोल ठेवा, नाहीतर बोर्ड एकीकडे झुकतो आणि मूल तिरकं उडतं. आठवड्यातून एकदा बोर्ड उलटा करून स्प्रिंगांचे बोल्ट घट्ट आहेत का, लाकडाला चीर गेली आहे का, खालचे रबरी पाय शाबूत आहेत का, ते पाहा. शहाबादी फरशीवर धूळ असली की बोर्ड मागे सरकतो. ओल्या फडक्याने रबर पुसा आणि खाली रबरी मॅट घाला.

मॅटमध्ये तीन प्रकार ओळखा. ५ सेंटिमीटरची पातळ मॅट कोलांट्या आणि जागेवरच्या उड्यांसाठी. २० सेंटिमीटरची लँडिंग मॅट पायांवर उतरण्यासाठी. ३० सेंटिमीटरची मऊ क्रॅश मॅट पाठीवर किंवा अंगावर पडण्यासाठी. क्रॅश मॅट सगळ्यांत मऊ, म्हणून सगळ्यांत सुरक्षित असा समज आहे, तो चुकीचा आहे. पायांवर उतरताना तिच्यात पाऊल रुततं, अंग वळतं आणि रुतलेलं पाऊल वळत नाही, मग गुडघा जातो. पायांवर उतरवायचं असेल तर क्रॅश मॅटवर एक पातळ कडक मॅट टाका.

घरच्या कापसाच्या गाद्या कधीही वापरू नका. त्या मधे खोल आणि कडेला फुगीर होतात आणि पायाखाली सरकतात. दोन मॅटच्या मधली फट हा दुसरा सापळा. बोट जाईल एवढी फट दिसली तरी थांबा, मॅट सरकवा, वेल्क्रो नसेल तर निवार पट्टीने दोन्ही मॅट घट्ट बांधा आणि फटीवर पातळ मॅट आडवी टाका. दर दहा-बारा उड्यांनंतर हे पुन्हा पाहावं लागतं, कारण प्रत्येक उतरणीला मॅट थोडी पुढे जाते.

नागपूरचं हवामान

मार्च संपता संपता हॉलमध्ये कूलर लागतात. कूलरची हवा ओलसर असते, ती रेक्झिनच्या मॅटवर आणि बोर्डवर दमटपणा आणते. टेबलावर हात घसरला की कोपर वाकतं आणि डोकं आपटतं. कूलरचं तोंड मुलांच्या रांगेकडे करा, धावपट्टीकडे नको, आणि त्याची वायर धावपट्टी ओलांडून जाणार नाही असं पाहा. टेबलाजवळ कोरडं सुती फडकं कायम ठेवा. हाताला लावायची मॅग्नेशियम पावडर चिमूटभर पुरते. थर चढला तर तीच घसरते.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा वर्ग सकाळी ६ ते ८ किंवा संध्याकाळी सहानंतर घ्या. दर २० मिनिटांनी पाणी प्यायला लावा. पन्हं किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी उत्तम. डोकं दुखतं, मळमळतं असं मुलाने म्हटलं की त्याची उडी त्या दिवसापुरती बंद. उलट डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी फोम कडक लागतो आणि पोटऱ्या आखडलेल्या असतात, तेव्हा वॉर्मअप १५ ऐवजी २५ मिनिटांचा करा. आणि सकाळी घरून तर्री-पोहे खाऊन लगेच आलेल्या मुलाला उलटं करू नका. पोटभर खाणं दोन तास आधी. वेळ नसेल तर एक केळं पुरे.

पाय अनवाणी, मोजे नाहीत. नखं कापलेली. केस बांधलेले, पण टोकदार क्लिप नको. गळ्यातला काळा दोरा, ताईत, कडं, बांगड्या, कानातले, सगळं उतरवायचं. दोऱ्याबद्दल पालक कधी कधी नाराज होतात. त्यांना समजावून सांगा की उलटं झाल्यावर तो गळ्याभोवती किंवा सपोर्ट देणाऱ्याच्या बोटात अडकतो. ढगळ टी-शर्ट चड्डीत खोचलेला हवा, नाहीतर हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं राहिल्यावर, तो तोंडावर येतो. तोंडात च्युइंगम, गोळी काहीही नको.

पहिले तीन आठवडे: उतरणं

३० सेंटिमीटरचा भक्कम बॉक्स घ्या, पुढे लँडिंग मॅट. मूल बॉक्सवर उभं. उडी वर मारायची नाही, फक्त एक पाऊल पुढे टाकल्यासारखं खाली यायचं. पावलांत वीतभर अंतर. आधी बोटांकडचा भाग टेकतो, लगेच टाच. गुडघे वाकतात आणि पावलाच्या बोटांच्या दिशेनेच वाकतात. कंबर किंचित मागे, छाती थोडी पुढे, हात समोर खांद्याइतके वर, नजर समोरच्या भिंतीवर. मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही, मग सरळ उभं राहून हात वर.

काय बिघडतं ते पाहायला तुम्ही समोर बसा, बाजूला नको. समोरून गुडघे दिसतात. उतरताना ते एकमेकांकडे झुकत असतील तर तीच गुडघ्याच्या दुखापतीची वाट आहे. ‘गुडघे बाहेर’ असं सांगून बहुतेक मुलांना कळत नाही. मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या जरा वर, एक रबरी पट्टी सैलसर बांधा आणि जागेवर उड्या मारताना ‘पट्टी ताणलेली ठेव’ म्हणा, लगेच कळतं. मग पट्टी काढून बॉक्सवरून. दुसरा दोष म्हणजे अख्खं बसणं. पार्श्वभाग टाचांना टेकतो, गुडघा हनुवटीला लागतो आणि जीभ चावली जाते. अर्ध्या खुर्चीएवढंच बसायचं. तिसरा दोष ताठ पायांचा. तो कानांनी ओळखता येतो. उतरण्याचा आवाज जेवढा मोठा तेवढा धक्का हाडांत गेला. मुलांना सांगा, ‘मांजरासारखं उतरा, आवाज नको.’ या एका वाक्याने अर्धं काम होतं.

दहापैकी आठ उतरण्या स्थिर आणि बिनआवाजाच्या झाल्या की ४५ सेंटिमीटर, मग ६०. त्यानंतर बॉक्सवरून वर उडी मारून, मग पाव गिरकी घेऊन. सहा-आठ वर्षांच्या मुलाला ६० च्या पुढे नेण्याची घाई नको.

यासोबतच पडणं शिकवा. हे शिकवायचं असतं हेच बरेच जण विसरतात. मागे तोल गेला की मूल नैसर्गिकपणे हात मागे टेकवतं, कोपर ताठ, बोटं मागे. लहान मुलांत कोपराच्या वरचं हाड मोडतं ते बऱ्याचदा असं हातावर पडूनच. म्हणून क्रॅश मॅटवर रोज सराव घ्या. उकिडवं बसा, स्वतःला मिठी मारा, हनुवटी छातीला, पाठ गोल, मागे लोळा आणि परत या. आधी बसून, मग उभं राहून, मग ३० सेंटिमीटरवरून. तुम्ही ‘मिठी’ म्हणालात की हात छातीवर गेलेच पाहिजेत, इतकं ते अंगवळणी पडू द्या. पुढे पडताना हात जमिनीवर, पण कोपर थोडं दुमडत धक्का जिरवायचा आणि शक्य असेल तर कोलांटी. ज्या मुलाला साधी पुढची कोलांटी डोक्याचा माथा न टेकवता येत नाही, त्याला बोर्डवर घेऊ नका.

हात आणि खांदे

व्हॉल्टमध्ये हात म्हणजे दोन छोटे स्प्रिंगबोर्ड. कोपर वाकलं की स्प्रिंग गेली आणि डोकं टेबलाच्या वाटेत आलं. म्हणून हँडस्प्रिंगचा विचार करण्याआधी मुलाकडे एवढं हवं: पोट भिंतीकडे करून ३० सेकंद हँडस्टँड, कान दंडांमध्ये लपलेले, पालथं हातांवर ताठ फळीसारखं ३० सेकंद, पाठीवर पडून हात-पाय किंचित उचलून होडीसारखा आकार २० सेकंद, आणि भिंतीच्या हँडस्टँडमध्ये कोपर न वाकवता फक्त खांदे वर-खाली १० वेळा. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तोच खांद्यांचा झटका पुढे टेबलावरून उसळी देतो.

मल्लखांब केलेली मुलं इथे पटकन पुढे जातात. विदर्भात व्यायामशाळांची परंपरा जुनी आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, त्यामुळे अशी मुलं वर्गात येतातच. त्यांची पकड आणि पोट तयार असतं. पण मल्लखांबात धावून येऊन पायांवर जोरात थांबणं फारसं नसतं, म्हणून उतरण्याचे तीन आठवडे त्यांनाही चुकवू नका.

रोज सरावाआधी मनगटं तयार करा. गुडघे टेकून हात जमिनीवर, पुढे-मागे झुलणं २० वेळा, बोटं पुढे, मग बाहेर, मग गुडघ्यांकडे. मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखतं, भार टाकल्यावर वाढतं, अशी तक्रार दुसऱ्यांदा आली की हातांवरचा भार बंद आणि डॉक्टर. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो, तो मऊ असतो आणि वारंवारच्या धक्क्याने दुखावतो. स्प्रे मारून किंवा पट्टी बांधून त्यावरून उड्या मारायला लावणं हा त्या मुलाच्या वाढीशी खेळ आहे. ८ ते १३ या वयात टाचेचं आणि गुडघ्याखालच्या उंचवट्याचं दुखणंही याच जातीचं.

बोर्ड

बोर्डवर पाय कुठे पडायचे ते खडूने आखा: पुढच्या कडेपासून साधारण २० सेंटिमीटर मागे, सगळ्यांत उंच भागावर. त्याहून पुढे पडले तर पाय घसरून बोर्ड आणि टेबलाच्या मधल्या खाचेत जातात, ही सगळ्यांत वाईट जागा. मागे पडले तर बोर्ड मुका, उडीच नाही.

सुरुवात एका पावलाने. बोर्डच्या मागच्या कडेपासून ३०-४० सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावा. एक पाय पट्टीमागून, दोन्ही पाय एकत्र बोर्डवर, हात खालून पुढे-वर, आणि सरळ उडी मारून समोरच्या ३० सेंटिमीटर मॅटवर उतरणं. बोर्डवर येणारी ही उडी लांब आणि बुटकी हवी. मुलं उलट करतात, उंच उडून बोर्डवर धपकन पडतात, त्यात सगळा वेग मरतो आणि गुडघे वाकतात. चिकटपट्टी आणि बोर्डच्या मधे दोघांनी एक दोरी मुलाच्या छातीच्या उंचीवर सैल धरली आणि ‘दोरीखालून ये’ म्हटलं की उडी आपोआप बुटकी होते. दोरी हातातच धरायची, कुठेही बांधायची नाही.

इथेही कान वापरा. बरोबर बसलेला बोर्ड ‘टप्’ असा एकच तुटक आवाज देतो. ‘धप्प’ आला तर मूल तळपायाने रेंगाळलं. ‘टप-टप’ आला तर एक पाय आधी पडला, तसंच उडालं तर हवेत अंग वळणार.

चढण, मग उलटं होणं

आता मॅटची रास. लांबी किमान २ मीटर, उंची मुलाच्या कमरेएवढी, म्हणजे सात वर्षांच्या मुलासाठी साधारण ६० सेंटिमीटर. सगळ्या मॅट एकमेकींना बांधलेल्या. तीन पावलांच्या धावेतून बोर्ड, हात राशीवर, गुडघे छातीशी घेऊन उकिडवं चढणं, उभं राहणं, मग पलीकडच्या टोकावरून सरळ उडी आणि तीच तीन आकड्यांची उतरण. बोर्ड राशीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर. जास्त जवळ असला तर खांदे हातांच्या पुढे जाऊन मूल पुढे कोलमडतं. जास्त लांब असला तर हात पुरत नाहीत आणि नडग्या कडेवर आपटतात. पुढे धाव वाढेल तसा बोर्ड एकेका पावलाएवढा मागे न्या.

स्ट्रॅडल, म्हणजे पाय फाकवून बॉक्सवरून पलीकडे, शाळांमध्ये फार लवकर घेतात. त्यात पाय अडकला की मूल डोक्यावर जातं. घ्यायचाच तर सपोर्ट समोर, उतरायच्या बाजूला उभा राहिलेला हवा. दोन्ही दंड धरायचे आणि मुलाबरोबर एक पाऊल मागे यायचं. समोर कुणी नसेल तर हा प्रकार नकोच.

उलटं होण्याची पहिली पायरी राशीवरच. बोर्डवरून हात राशीवर, हँडस्टँड, आणि ताठ अंगाने पाठीवर सपाट पडणं. रास छातीपर्यंत, वरची मॅट मऊ. टाचा, पार्श्वभाग, पाठ एकाच वेळी टेकले तर आकार बरोबर. पार्श्वभाग आधी टेकला तर पोट सुटलं, अशा पडण्यात मानेला झटका बसतो. डोकं दंडांच्या मधेच, डोळ्यांनी हातांकडे पाहायचं, मान मागे टाकायची नाही. इथे मुलं सगळ्यांत जास्त महिने राहतात आणि राहिली पाहिजेत. पालकांना ही उडी ‘अर्धवट’ वाटते. त्यांना सांगा, टेबलावरच्या हँडस्प्रिंगचा पहिला अर्धा भाग हाच आहे, आणि तो कच्चा राहिला तर दुसरा अर्धा धोक्याचा.

हँडस्प्रिंग टेबलावर घ्यायची वेळ कधी? राशीवर दहापैकी नऊ सपाट, सलग तीन वर्गांत, आणि कोपर एकदाही वाकलेलं नाही, तेव्हा. त्या दिवशी टेबल सगळ्यांत खालच्या उंचीवर आणि पलीकडे उंच रास, म्हणजे मूल जवळजवळ टेबलाच्याच उंचीवर उतरेल. मग रास एकेक मॅटने कमी करत जा, आठवड्याला एक.

राउंडऑफ (हातांवरून अर्धी गिरकी घेत पाठमोरं उतरणं) करून उलटं बोर्डवर येण्याच्या उड्या इथे बसत नाहीत. त्यांना बोर्डभोवती यू आकाराचा सेफ्टी कॉलर सक्तीचा असतो आणि पाया वर्षांचा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या दीपा कर्माकरने प्रोदुनोव्हा (हँडस्प्रिंगनंतर हवेत दोन कोलांट्या) करून १५.०६६ गुणांसह चौथा क्रमांक मिळवला, तेव्हापासून मुलं मोबाइलवर ती उडी पाहून येतात आणि ‘सर, हे कधी?’ विचारतात. उत्तर खरं द्या: दीपाने सहाव्या वर्षी सुरुवात केली आणि रिओत ती २३ वर्षांच्या घरात होती.

सपोर्ट देणं

हँडस्प्रिंगला दोघं. पहिला बोर्ड आणि टेबलाच्या बाजूला: एक हात मांडीखाली उचलायला, दुसरा दंडावर. दुसरा टेबलाच्या पलीकडे: एक हात दंडावर, दुसरा कमरेखाली. पाय टेकून तोल येईपर्यंत दंड सोडायचा नाही. पकड नेहमी दंडावर. मनगट किंवा कोपराखाली धरलं तर त्याच सांध्यावर सगळं वजन येतं. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. सलग १२-१५ उड्यांनंतर सपोर्ट देणाऱ्याचे हात मंदावतात, तेव्हा माणूस बदला.

हात कुठे लागणार हे मुलाला आणि पालकांना आधी सांगा, दाखवा, आणि मूल नको म्हणालं तर ती उडी त्या दिवशी राहू द्या. दार उघडं, एक पालक किंवा दुसरा प्रशिक्षक हॉलमध्ये, हे कायमचं.

धाव आणि थांबणं

धाव सगळ्यांत शेवटी, पण ती मोजूनच. मुलाला बोर्डवर उभं करून धावपट्टीवर उलट दिशेने पळायला लावा, पाच-सहा वेळा. ८ ते १० मीटरवर त्याचं पाऊल वारंवार जिथे पडतं तिथे त्याच्या नावाची चिकटपट्टी. दर महिन्याला पुन्हा मोजा, मुलं वाढतात. धाव चवड्यांवर, गुडघे वर, बोर्डकडे नजर आणि शेवटच्या पावलाला नजर टेबलाकडे.

आणि थांबायला शिकवा. पावलं चुकली, भीती वाटली, की बोर्डच्या आधी बाजूला पळून जायचं, यात काही कमीपणा नाही. वर्गात दर आठवड्याला दोनदा मुद्दाम घ्या. तुम्ही टाळी वाजवली की धावतं मूल बाजूला वळतं. बोर्डवर पाय पडल्यावर मनात ‘करू की नको’ आलं तर अंग अर्धं उडतं, अर्धं थांबतं, आणि सगळ्यात वाईट अपघात त्यातूनच होतात. म्हणून रांगेतल्या पोट्ट्यांना ‘जा, जा!’ ओरडू देऊ नका. तुम्हीही ओरडू नका.

रांग धावपट्टीच्या बाजूला, धावपट्टी ओलांडणं बंद. एका प्रशिक्षकामागे आठ मुलं, जास्त नाही. मूल हात वर करून तयार असल्याचं सांगतं, तुम्ही मॅट रिकामी पाहून हात वर करता, मगच धाव. ६-८ वर्षांच्या मुलाला एका वर्गात धावेतून ८-१० पूर्ण उड्या पुरे, मोठ्यांना १५. आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. थकल्याचं पहिलं लक्षण उतरण्यात दिसतं, आवाज मोठा होऊ लागतो. तो ऐकला की आकडा पूर्ण झाला नसला तरी बंद.

पंधरा दिवसांच्या शिबिरात एवढं सगळं बसत नाही, हे आधीच पालकांना सांगा. तेवढ्या वेळात उतरणं, पडणं, हँडस्टँडची तयारी आणि उकिडवं चढणं नीट होतं. समारोपाच्या प्रात्यक्षिकात तेच दाखवा. त्या दिवशी पाहुणे असतात, मोबाइल वर असतात, मुलं जोशात असतात. नवी उडी त्या दिवशी कुणीही करायची नाही.

तरीही लागलं तर

मान किंवा पाठ दुखते असं मूल म्हणालं, हातापायाला मुंग्या आल्या किंवा ते उठत नसेल, तर त्याला उचलू नका. डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा, १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात सोडू नका. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी, गुंगी, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर लगेच रुग्णालय. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं की जवळचं हाडांचं रुग्णालय, हे आणि पालकांचे फोन नंबर हॉलच्या भिंतीवर आधीच लावलेले असावेत.

घोट्याला, मनगटाला मार असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, पुठ्ठ्याचा आधार, आणि एक्स-रे. तेल लावून चोळणं नाही, हाडवैद्याकडे ओढून घेणं तर मुळीच नाही. वाढीचा भाग दुखावला असेल तर ओढण्याने तो सरकतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मूल वर्गात परत येतं तेव्हा त्याला लगेच मित्रांबरोबर धावायचं असतं. त्याला पुन्हा ३० सेंटिमीटरच्या बॉक्सवर न्या. दहा उतरण्या, तीन आकडे, आवाज नको. त्या जमल्या तरच दुसऱ्या दिवशी ४५.